ओट्यावरचं अंतर

पॅकिंगमधली बाई तीन बश्या ओळीनं लावून खुर्चीवरून उठली, आणि बारक्यानं सवयीप्रमाणं खिडकीतून हात घालून त्या बश्या सारख्या केल्या. सारख्या म्हणजे काय, तर पहिली बशी फळीच्या पार डाव्या टोकाला गेली होती आणि बाकीच्या दोन उजवीकडं एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यानं मधे चार-चार बोटं जागा सोडून तिघींना शहाण्या मुलींसारखं ओळीत आणलं. क्रम तोच ठेवला. पहिली ती पहिली, तिसरी ती तिसरी. दारापर्यंत गेलेली बाई मागं वळली. "अहो काका, हलवल्या का? मी मुद्दाम लांब ठेवली होती ती." बारक्या म्हणाला, "मुद्दाम कशापायी?" "कशापायी म्हणजे? तो एकच पाव खायच्या लायकीचा होता. बाकीचे दोन नुसता भुसा. एवढ्याशा फरकानं का तो पहिला आलाय?" बारक्या म्हणाला, "आपण क्रम लिहितो बाई. लांबजवळ लिहीत नाही." बाईनं खांदे उडवले. "नका लिहू. मी ठेवली होती, एवढंच सांगते," म्हणाली आणि डोक्यावरची जाळीची टोपी काढत निघून गेली. बोलणं संपलं. रागावलीही नव्हती ती. पण बारक्याच्या कानाच्या पाळ्या एकदम तापल्या, आणि हात फळीवर होता तो तिथंच राहिला.

चव घ्यायची खोली म्हणजे मोठी खोली नव्हे. पावाच्या कारखान्यातला एक कोपरा पार्टिशन टाकून बंद केलेला. त्यात एक खुर्ची, भिंतीतून निघालेली फळी, चूळ भरायला पाण्याचा पेला, आणि डोक्यावर लाल दिवा. लाल दिवा अशासाठी की पावाचा रंग दिसू नये, जिभेनं काय ते ठरवावं. खिडकीच्या अलीकडं बारक्या. तो तीन पावांचे तुकडे तीन बश्यांत घालून आत सरकवायचा. बश्यांवर नाव नाही, एकीवर पान काढलेलं, एकीवर चांदणी, एकीवर मासा. खाणाऱ्यानं खायचं आणि सगळ्यात आवडलेली डावीकडं, मग दुसरी, मग तिसरी, अशा लावून उठायचं. बारक्यानं बघून घ्यायचं आणि लॅबवाल्या बाईंना सांगायचं. पन्नाशी उलटलेला, दारातून तिरका होऊन आत येणारा हा गडी आधी भट्टीच्या बाजूला कणकेच्या यंत्रावर होता. पिंपं उचलायचा. मणका सरकला म्हणून त्याला इथं आणून बसवला. आता तो बश्या उचलतो. घरात धाकटा म्हणून बारक्या, आणि ते नाव कारखान्यातही कसं कोण जाणे पोचलं. पण मालकापासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळ्यांना तो इथं बसलेला आवडायचा, कारण तो कुणाला घाई करत नसे.

लॅबवाल्या बाई पोरसवदा होत्या पण शिकवायला खमक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "काका, शर्यतीत पहिला येणारा नाकाच्या शेंड्यानं येतो नाहीतर कोसभर पुढं येतो. बिल्ला एकच. आपल्याकडं फक्त बिल्ले आहेत. मधलं मैदान आपल्याला दिसत नाही." आणि वर दम दिला होता, "म्हणून दिसत नाही त्याबद्दल बोलायचं नाही. हा पाव त्याच्या दुप्पट चांगला, असं तुमच्या तोंडून ऐकलं तर बघा. पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर तेवढंच दुसऱ्या-तिसऱ्यात असेल असंही धरायचं नाही. बेरजा करून सरासरी काढायला तर बसूच नका." बारक्याला ते भलतंच आवडलं. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला एखादी गोष्ट नीट कळली की तो ती चघळत बसतो. घरी जाऊन त्यानं शर्ट क्रमानं लावले, भाज्या क्रमानं लावल्या, शेजाऱ्यांचे स्वभाव क्रमानं लावले. बायको म्हणाली, "मला कितवा नंबर?" तो म्हणाला, "तू एकटीच आहेस, तुझा क्रम लागत नाही." ती म्हणाली, "म्हणजे पहिली पण मीच नि शेवटची पण मीच." हसली होती. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

आता खिडकीतून येणाऱ्या त्या लाल उजेडात उभं राहून त्याला वाटलं, आपलं तोंड कुणाला दिसत नाही हे बरं. पुढच्या माणसाला आत बोलवायचं होतं, ड्रायव्हर होता कुणीतरी, दाराशी घसा खाकरत होता. बारक्यानं तुकडे कापले, बश्या सरकवल्या. पान, चांदणी, मासा. ड्रायव्हर खात होता, खिडकीपलीकडून त्याचे जबडे ऐकू येत होते, आणि बारक्याच्या डोळ्यांपुढं आईचा ओटा होता. काळ्या दगडाचा, कडेला झिजून गुळगुळीत झालेला, मधे खरखरीत. त्यावर तीन भांडी.

त्याला चार महिने झाले असतील, पाच असतील. आई तेव्हा तिच्या भाड्याच्या खोलीत एकटी राहायची, आणि न्हाणीत पडली होती. हाड मोडलं नाही, पण रात्रभर तिथंच पडून होती, सकाळी शेजारणीनं दार उघडवलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सगळे तिच्याकडं जमले. दादा आणि वहिनी आले, बारक्या आणि त्याची बायको गेली. आई पलंगावर टेकून बसलेली, गुडघ्यावर पट्टी, आणि आपल्याबद्दलच चाललंय हे माहीत असलेल्या माणसाचा चेहरा करून सगळ्यांना चहा घ्या म्हणत होती. बोलणं पुढं सरकेना. दादा म्हणे, बारक्याच्या बायकोचं आणि आईचं छान जमतं. बारक्या म्हणे, दादाचं घर तळमजल्यावर आहे. वहिनी पंख्याकडं बघत होती. मग दादानंच खिशातून एक कागद काढला, कुठल्याशा वृद्धाश्रमाचा, त्यावर बागेत बसलेल्या म्हाताऱ्यांचं चित्र. "सुचवतोय फक्त," म्हणाला. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. सगळ्यांना दुसऱ्यानं बोलावं असं वाटत होतं. आणि त्या गप्प बसण्यात बारक्याच्या डोक्यातून ती अक्कल निघाली. कारखान्यातली. त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती, हे आता त्याला जास्त टोचत होतं.

"आमच्याकडं कसं करतात सांगू का," तो म्हणाला. आत ओट्यावर तीन भांडी ठेवायची. निळ्या काठाचा कप म्हणजे दादाचं घर. कान तुटलेला कप म्हणजे आपलं घर. स्टीलचा ग्लास म्हणजे आश्रम. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, भांडी डावीकडून उजवीकडं लावायची. पहिली पसंती डावीकडं. बाहेर यायचं, बोलायचं नाही. मी जाऊन बघीन, नंबर लक्षात ठेवीन, भांडी परत मिसळून टाकीन. ज्याच्या नंबरांची बेरीज सगळ्यात कमी ते ठरलं. कुणाला कुणाचं तोंड बघायला नको. बेरजा करायच्या नाहीत असं बाईंनी सांगितलं होतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही असं नव्हे. ते त्यानं गिळलं. दादाला युक्ती एकदम पसंत पडली. "तू कारखान्यात वाया गेलास रे बारक्या," म्हणाला. बारक्याची बायको म्हणाली, "घर आम्ही चालवायचं आणि भांडी तुम्ही लावायची, चांगलंय." दादा म्हणाला, "पोरांनी ठरवायचं असतं हे." आणि तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाली, "माझी पण पाळी आहे ना?" दादा हसत म्हणाला, "अगं, पाव खाणाऱ्याला विचारतात. पावाला थोडंच विचारतात?" आईही हसली. म्हणाली, "हा पाव आपल्या पायानं उठून जाईल आत. लंगडत का होईना."

दादा आत गेला, आला. बारक्यानं जाऊन बघितलं. कान तुटलेला कप पहिला, ग्लास दुसरा, निळा शेवटी. म्हणजे आईला बारक्याकडं ढकला, नाहीतर आश्रमात, माझ्याकडं नको. बारक्याला राग यायला हवा होता, पण आला तो सुटकेसारखा काहीतरी गार वारा. कारण मग त्यानं स्वतःची पाळी लावली ती अशी: निळा पहिला, ग्लास दुसरा, कान तुटलेला शेवटी. आरशात बघावं तसं. दोघा भावांचा जीव एकाच जागी अडकला होता, आणि दोघांनी ग्लास मधे ठेवला होता, कारण मधे ठेवलेल्या गोष्टीचा दोष कुणाला लागत नाही. बेरीज केली तर सगळ्यांना चार, चार, चार. तिन्ही बरोबरीत. आता आई लावील तेच ठरणार. बारक्यानं भांडी मिसळली, बाहेर येऊन आईला हात दिला. तिनं हात घेतला नाही. भिंतीला धरून गेली. आत ती फार वेळ होती, आणि बाहेर दादा आश्रमातल्या जेवणाबद्दल बोलत होता, आणि बारक्याला आतून भांडं ठेवल्याचा आवाज ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, मग तिच्या पावलांचा. ती येऊन बसली. बारक्या आत गेला. दार लोटलं.

ड्रायव्हर कधी उठून गेला ते त्याला कळलंच नाही. फळीवर बश्या होत्या. मासा, पान, चांदणी. एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कुणीतरी पट्टी लावून ठेवाव्यात तशा. हा माणूस काही सांगत नव्हता, क्रम सांगत होता. बारक्यानं बश्यांना हात न लावता लॅबवाल्या बाईंना क्रम सांगितला. त्या म्हणाल्या, "काका, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "नाही बाई, जरा उकडतंय." "पॅकिंगवाल्या ताई काय म्हणत होत्या?" "काही नाही. बशी लांब ठेवली होती म्हणत होत्या." बाई हसल्या. "ठेवतात लोक. आपल्याला त्याचं काही करता येत नाही, म्हणून आपण बघत नाही. नसतंच असं नाही काका. असतं." आणि त्या आपल्या कामाला लागल्या. असतं. शिकलेल्या माणसांचं बरं असतं, अंगठीसारखा एक शब्द काढून टेबलावर ठेवतात आणि निघून जातात. तो शब्द बारक्यापुढं तसाच पडून राहिला.

इतके दिवस बारक्या कशावर जगला, तर ह्यावर. ओट्यावर डावीकडं कान तुटलेला कप होता, मग निळा, मग ग्लास. म्हणजे आईला पहिलं बारक्याचं घर हवं होतं. ठीक. पण किती हवं होतं? नाकाच्या शेंड्याएवढं? पहिला कोणतातरी असावाच लागतो, म्हातारीनं उचलून एक ठेवला असेल आधी. पहिल्या आणि तिसऱ्यात तिला तसा काही फरक वाटत नसेल. क्रम अंतर सांगत नाही, बाई म्हणाल्याच होत्या. हे तो आंघोळीला पाणी काढताना म्हणायचा, जिना चढताना म्हणायचा, रात्री कूस बदलताना म्हणायचा. शास्त्राचं वाक्य होतं ते, आणि त्यानं ते पांघरुणासारखं अंगावर घेतलं होतं. आश्रमातली देखरेखीची ताई दर महिन्याला सगळ्या म्हाताऱ्यांना विचारते, एक ते पाच, इथं कसं वाटतं, एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे छान. आई म्हणते चार. दादा खूश. "चार म्हणजे ऐंशी टक्के झाले की रे, मला शाळेत कधी पडले नाहीत." बारक्या तेव्हाही गप्प बसला होता. चार हा काही चार भाकऱ्यांमधला चार नव्हे. आईचा चार कुठं सुरू होतो कुणाला माहीत. जिला कुणाला त्रास द्यायचा नाही अशा बाईचा चार म्हणजे दुसऱ्या कुणाचा एकही असेल. हे त्याला कळत होतं, कारण त्याचा तोच धंदा होता. आणि तरी आश्रमातून परत येताना बसमधे बारक्या तो चार चघळायचा, गोड लागेपर्यंत.

ओट्यावर तो कप कुठं होता, ते मात्र त्यानं कधी स्वतःला सांगितलं नव्हतं. आता पॅकिंगवाल्या बाईनं सांगायला लावलं. कान तुटलेला कप ओट्याच्या पार कडेला होता, खिडकीपाशी, जिथं ऊन येतं आणि जिथं आई रोज आपला स्वतःचा चहा ठेवून निवायची वाट बघायची. बाकीची दोन भांडी दुसऱ्या टोकाला, मोरीच्या बाजूला, घासायला टाकलेल्या भांड्यांसारखी एकमेकांत अडकलेली. मधे अख्खा ओटा मोकळा. एवढा ओटा मोकळा ठेवायला त्या दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं लागलं होतं. म्हणूनच तिला आत वेळ लागला. तिला कुणी सांगितलं नव्हतं की अंतर मोजत नाहीत. तिनं अंतरानंच सांगितलं होतं.

आणि बारक्यानं काय केलं. बायको तयार होती, तिच्यावर ढकलायची सोय नव्हती. तिनं तर सगळे जमण्याआधीच भिंतीतलं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, विचारलं तर म्हणाली, "लागेलच ना आता." जागा लहान होती, पण लहान जागेत माणसं राहतात. खरं होतं ते असं की, मणका सरकला तेव्हा ह्याच आईनं त्याला तीन महिने ओल्या फडक्यानं पुसून काढला होता. बायको कामावर जायची, आई येऊन बसायची. हत्तीएवढा बाप्या, पालथा पडलेला, आणि ती वाटीत पाणी घेऊन मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत, कुठं कुठं, आणि भांडं देणं आणि भांडं नेणं. ती तेव्हा गाणंही गुणगुणायची, म्हणजे त्याला लाजल्यासारखं होऊ नये. त्यामुळंच जास्त व्हायचं. तो बरा झाला, उभा राहिला, पण ती समोर आली की त्याला आपण उघडे आहोत असं वाटायचं. सदऱ्याची बटणं चाचपायचा. आता ती घरात येणार, रोज, आणि आता वाटी त्यानं धरायची, किंवा त्यानं धरावी असं ती कधीच म्हणणार नाही आणि तरी ते दोघांमधे असणार. ज्यानं आपलं सगळं बघितलंय त्याच्याबरोबर एका खोलीत जेवायला बसायचं. ते त्याला झेपेना. एवढंच कारण. सांगायला गेलं तर कुणी कारण म्हणणार नाही त्याला.

त्यानं कप उचलला नाही. उचलला असता तर ते चोरी केल्यासारखं झालं असतं. त्यानं एका बोटानं तो ढकलला. खिडकीपासून सरकवत सरकवत, दगडावरून, मोरीपर्यंत. आणि ग्लास इकडं आणला. मग मधे सारखी जागा सोडून तिन्ही नीट ओळीत लावली. ग्लास, निळा, कान तुटलेला. लावताना हातालाच ती सवय लागली असावी, कारखान्यातले हात. मग त्यानं दादाला हाक मारली, "ये, बघून जा, नंतर नको कुणी बोलायला." दादा आला, बघितलं, हुश्श केलं. "ग्लास पहिला. आईनंच ठेवला. झालं तर मग." बाहेर येऊन त्यानं तेच मोठ्यानं सांगितलं. वहिनीनं पहिल्यांदा पंख्यावरून नजर खाली आणली. बारक्याची बायको आईकडं बघत होती, विचारल्यासारखी. आणि आई बारक्याकडं बघत होती. फार नाही, माणूस घड्याळाकडं बघतो तेवढंच. मग म्हणाली, "हो, ग्लासच ठेवला मी पुढं. स्टीलचा बरा. पडला तरी फुटत नाही." सगळे हसले. दादा तर डोळे पुसेपर्यंत हसला. बारक्याही हसला. ते हसणं त्याला अजून दातांत अडकल्यासारखं लागत होतं.

त्यानं लॅबवाल्या बाईंना सांगितलं, अर्धा दिवस जातो. त्या म्हणाल्या जा. कारखान्याच्या फाटकाबाहेर ऊन होतं, रस्त्यात कुणीतरी गटाराचं झाकण काढून आत डोकावत होतं, आणि ताज्या पावाचा वास त्याच्या कपड्यांना होता तो बसमधल्या लोकांना येत होता. एक पोरगी आईला म्हणाली, कुणाकडं पाव आहे. बारक्या खिडकीकडं तोंड करून बसला. सबंध वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. चूक झाली म्हणावं तर चूक तराजूत होते, हिशेबात होते. त्याचं बोट चुकलं नव्हतं. बोटाला पुरतं माहीत होतं कुठं जायचं.

आश्रम वाईट नव्हता. हेही सांगायला हवं. लांब व्हरांडा, फरशी पुसलेली, खोलीत तिघी. दुपारची वेळ, बाकीच्या दोघी झोपल्या होत्या. आई पलंगावर बसून खिडकीतून भिंत बघत होती, कारण खिडकीतून भिंतच दिसायची. तिच्या डोक्याशी छोटी फळी, त्यावर एक कप, एक औषधाची बाटली, एक ग्लास झाकण घालून. "आज कसा रे? काम नाही?" ती म्हणाली. दुपारी ती दात काढून ठेवायची, त्यामुळं शब्द हवेनं भरलेले निघत होते. "सुटलो लवकर." "मणका दुखतो का?" "नाही." "मग उभा का? बस." तो बसला. पलंग करकरला, पलीकडची म्हातारी झोपेत काहीतरी पुटपुटली. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं, ते लावलेलंच होतं.

"आई, त्या दिवशी," तो म्हणाला आणि थांबला. तिनं मदत केली नाही. ती बोटानं चादरीवरची सुरकुती सपाट करत होती. "त्या दिवशी ओट्यावर तू भांडी लावलीस," तो म्हणाला, "ती मी हलवली."

"माहितेय," आई म्हणाली.

"माहितेय?"

"माझा ओटा. माझे कप. चाळीस वर्षं त्या दगडावरून भांडी सरकलीत. कुठलं कुठून कुठं गेलं ते मला बाहेरून कळत नाही होय? कान तुटलेला खालून खरबरीत आहे, तो सरकला की दात शिवशिवतात. तेव्हा दात होते माझे तोंडात."

त्याला हसू नाही आलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा बारक्या खोटं बोलतो म्हणू? थोरल्यासमोर? सुनांसमोर?" तिनं सुरकुती सपाट केली, ती परत उठली. "आणि तू बाहेर आलास तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. म्हटलं, एवढं जड जात असेल याला, तर त्याच्याकडं जाऊन रोज तेच तोंड बघायचं का? त्यापेक्षा भिंत बरी." आणि तिनं खिडकीकडं मान हलवली.

बारक्याला वाटलं, आता जमिनीनं दुसरं काही करू नये, फक्त थोडं खाली जावं, पलंगासकट. मणका दुखत होता तेव्हा पालथं पडून तो उशीत तोंड खुपसायचा, तसं तोंड खुपसायला आत्ता काही नव्हतं. त्याला सांगायचं होतं की तू मला पुसायचीस ना, त्यामुळं. ते तोंडाशी आलं, आणि इतकं लहान दिसलं, इतकं ओलं आणि उघडं, की त्यानं ते परत गिळलं. पण आई त्याच्या बटणावरच्या हाताकडं बघत होती. "अजून लाजतोस?" ती हळूच म्हणाली. "गाढवा, तुला जन्मल्यापासून धुतेय मी. मधली चार वर्षं तेवढी तू स्वतः आंघोळ केलीस, त्यात काय एवढं."

"घरी चल," तो म्हणाला. "कपाट रिकामंच आहे. तिनं त्यात काही ठेवलंच नाही अजून."

आईनं ती सुरकुती पुन्हा एकदा दाबली. मग म्हणाली, "आत्ता म्हणतोयस ते कशानं? शरम वाटली म्हणून? ती उतरली की?"

खरं काय ते त्यालाही नीट दिसत नव्हतं. शरमेचा नंबर कितवा आणि आईचा कितवा, आणि दोहोंत किती, हे कुठल्या फळीवर लावून बघायचं? बोलून काही उपयोग नव्हता, बोलण्यात तो त्या ओट्यापासूनच कच्चा पडला होता. त्यानं हात पुढं केला, फळीवरचा कप उचलला, सरकवला नाही, उचलला, आणि तिच्या हाताला लागेल असा चादरीवर, तिच्या गुडघ्याशी ठेवला. मग ग्लास आणि बाटली दोन्ही हातांत घेतली आणि उठला. खोलीच्या दारातून तिरका होऊन बाहेर पडला. व्हरांड्यात आला. थांबला नाही. पुसलेल्या फरशीवरून चालत गेला, देखरेखीच्या ताईच्या टेबलापुढून, तिनं वर बघितलं, पाण्याच्या नळापुढून, पार टोकाला, जिथं व्हरांडा संपतो आणि कुंड्या ठेवल्यात. तिथं जाऊन त्यानं ती दोन भांडी कठड्यावर ठेवली, एकमेकांना चिकटवून. आणि मागं वळायची हिंमत होईना म्हणून तसाच कठड्याला धरून उभा राहिला, कुंड्यांकडं तोंड करून, पन्नाशी उलटलेला बाप्या, कानाच्या पाळ्या लाल. एवढं अंतर. याहून जास्त या इमारतीत मावत नव्हतं.

मागं व्हरांड्यात कुणीतरी हसलं. मग लांबून, दारातून, भिंतीला धरून उभी राहिलेली आईची हवेनं भरलेली हाक आली.

"अरे बारक्या! त्या ग्लासात माझे दात आहेत रे!"

तो वळला. ती दारात होती, एका हातात तो कप घट्ट धरलेला, दुसरा हात तोंडावर.

"आण ते इकडं," ती तोंडावरच्या हाताआडून ओरडली. "बोळक्या तोंडानं सुनेसमोर जाऊ का मी?"